वाटेवरचा धबधबा

नाशिक शहरातून पश्चिमेस गंगापूरकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे आठ किलोमीटर गेले, म्हणजे वाहनांच्या आवाजाखाली दडलेला आणखी एक आवाज ऐकू येऊ लागतो. प्रथम तो वाऱ्याचा वाटतो. मग वाटते, की जवळपास एखादी गिरणी चालू असावी. रस्त्याच्या कडेला कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्या, चहाची दुकाने आणि शेंगांच्या टोपल्या दिसतात. तेथून नदीच्या बाजूस थोडे खाली उतरले, की या आवाजाचा उलगडा होतो. समोर गोदावरी नदी काळ्या खडकांच्या पायऱ्यांवरून खाली झेपावत असते.

या धबधब्यास कोणी गंगापूरचा धबधबा म्हणतात, तर कोणी सोमेश्वरचा. कारण जवळच नदीकाठी सोमेश्वर महादेवाचे मंदिर आहे. हौशी लोकांनी त्याला ‘दूधसागर’ असेही नाव दिले आहे. खरा दूधसागर गोव्याच्या सीमेवर मांडवी नदीवर असून तो सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळतो. कर्नाटकातील शरावती नदीवरचा जोग धबधबा २५३ मीटर उंच आहे. गंगापूरच्या या धबधब्याची उंची मात्र जेमतेम दहा मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी. तेव्हा नाव मोठे आणि उडी लहान, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु उंच धबधब्याकडे माणूस दुरूनच मान वर करून पाहतो. येथे पाणी अगदी समोर पडते, त्याचे तुषार तोंडावर येतात आणि ते काय करीत आहे, हे डोळ्यांनी नीट पाहता येते. पाहण्याची इच्छा मात्र हवी. पुष्कळ लोक येतात, एक छायाचित्र काढतात, कणीस खातात आणि परत जातात.

थोडा वेळ एके ठिकाणी उभे राहून पाहिले, तर पहिली गोष्ट लक्षात येते ती पाण्याच्या रंगाची. कड्याच्या वर नदी मातकट किंवा हिरवट असते. कड्यावरून निसटताच ती पांढरी होते आणि खाली डोहात शिरून थोडे पुढे गेली, की पुन्हा मातकट दिसते. मधल्या मध्ये हे दूध कोठून आले? पडताना पाण्याचे असंख्य तुकडे होतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते. हवेच्या त्या बारीक बुडबुड्यांवरून प्रकाश सर्व दिशांना परततो, म्हणून पाणी पांढरे दिसते. बुडबुडे विरले, की दूधही संपते. ऊन पडलेले असेल आणि सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असेल, तर याच तुषारांत इंद्रधनुष्याचा एक तुकडा उमटतो. पाहणारा दोन पावले सरकला, की तोही सरकतो. तो पकडण्यासाठी धावणारी लहान मुले येथे नेहमी दिसतात.

दुसरी गोष्ट खडकाची. हा खडक सर्वत्र सारखा नाही. काही थर घट्ट, काळेभोर आणि गुळगुळीत आहेत. तर काही ठिसूळ, तांबूस आणि छिद्राछिद्रांचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा रस आला, तोही थिजला. असे थरांवर थर साचून आपले पठार तयार झाले. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवाला म्हणून तो घट्ट झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून तो सच्छिद्र झाला. त्या छिद्रांत पुढे खनिजांचे स्फटिक जमले. नाशिकच्या आसपास खडक फोडताना आजही असे पांढरे, चमकदार खडे निघतात.

नदीला हा फरक बरोबर कळतो. घट्ट थर ती सहजासहजी झिजवू शकत नाही. त्यावरून ती नुसती वाहत जाते. खालचा मऊ थर मात्र ती पोखरते. पडणाऱ्या पाण्याचा मारा आणि त्याने उधळलेले दगडगोटे यांनी कड्याच्या पायथ्याशी कपार तयार होते. कपार खोल होत गेली, की वरचा घट्ट थर छज्जासारखा अधांतरी राहतो आणि एके दिवशी, बहुधा एखाद्या पुरात, त्याचा एक तुकडा कडाडून खाली येतो. धबधब्याच्या पायथ्याशी जे मोठमोठे धोंडे अस्ताव्यस्त पडलेले असतात, त्यांपैकी कित्येक असेच वरून आलेले असतात. याचा अर्थ असा, की धबधबा एका जागी राहत नाही. तुकडा-तुकडा गमावीत तो नदीच्या उगमाच्या दिशेने मागे सरकत जातो. अमेरिकेतील नायगारा धबधबा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे गेला आहे. आपला काळा पाषाण त्या मानाने फार चिवट. येथे मागे सरकण्याची गती इतकी मंद आहे, की आजोबांनी पाहिलेला कडा नातवालाही तसाच दिसतो.

हा पाषाण किती चिवट आहे, याची साक्ष जवळच पाहावयास मिळते. नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. तेथील कारागिरांनी याच जातीच्या खडकात विहार आणि चैत्यगृह कोरले आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख खोदले. त्यांतील एका लेखात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने गोवर्धन येथील आपल्या अमात्यास, भिक्षूंना जमीन देण्याविषयी केलेली आज्ञा आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची ती अक्षरे आजही वाचता येतात. त्या लेखातले गोवर्धन म्हणजे गंगापूरला लागून असलेले गोवर्धन गाव होय, असे विद्वान मानतात. म्हणजे आज ज्या धबधब्याशेजारी लोक कणसे खात उभे राहतात, त्याचा आवाज राजाचा तो अमात्यही ऐकत असला पाहिजे. डोंगराच्या पोटात कोरड्या राहिलेल्या अक्षरांना काळाने फारसे दुखावले नाही. तीच अक्षरे नदीच्या पात्रात कोरली असती, तर पहिल्या काही शतकांतच पुसली गेली असती.

पाण्याच्या हातात छिन्नी नसते. परंतु वाळू आणि गोटे असतात. पात्रातील एखाद्या लहानशा खळग्यात दगड अडकला, की भोवऱ्याबरोबर तो गरगर फिरत राहतो आणि खळगा आतून घासून वाढवतो. दगड झिजून संपतो, त्याच्या जागी दुसरा येतो. अशा रीतीने खडकात रांजणासारखे खोल, गोल खड्डे तयार होतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात असे रांजणखळगे मोठ्या संख्येने आहेत आणि ते पाहावयास दूरदूरचे लोक जातात. उन्हाळ्यात पाणी ओसरले, म्हणजे त्यांचे काठ कुंभाराने हात फिरवल्यासारखे गुळगुळीत दिसतात. पावसाळ्यात मात्र हे खड्डे पाण्याखाली असतात आणि वरून पाहणाऱ्याला त्यांची कल्पनाही येत नाही. घोटाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्याच पावलाला पुरुषभर खोल जातो, तो अशाच ठिकाणी.

येथवर धबधब्याची हकीकत नदी आणि खडक यांच्यापुरतीच होती. परंतु गंगापूरच्या धबधब्याच्या संसारात तिसरा भागीदार आहे, तो म्हणजे माणूस. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेकडे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. या लांबलचक प्रवासाच्या अगदी आरंभी, धबधब्याच्या वरच्या अंगास काही किलोमीटरांवर, गंगापूरचे मातीचे धरण आहे. ते १९६५ साली पूर्ण झाले. नाशिक शहराचे पिण्याचे पाणी बव्हंशी याच धरणातून येते आणि कालव्यांनी ते शेतांनाही पोहोचते. त्याच्याही वर काश्यपी आणि गौतमी ही धरणे आहेत. त्र्यंबकच्या डोंगरात पडणारा धुवाधार पाऊस पूर्वी थेट धबधब्यावर येत असे. आता तो आधी धरणात थांबतो.

म्हणून या धबधब्याला दोन ऋतुचक्रे आहेत, असे म्हटले तरी चालेल. एक आकाशाचे आणि दुसरे धरणाच्या दरवाजांचे. उन्हाळ्यात पाण्याच्या धारा बारीक होतात आणि कड्याची हाडे दिसू लागतात. मुले खडकांवर निजलेल्या म्हशींच्या पाठीवर चढावे तशी उड्या मारत फिरतात. आषाढात पाऊस सुरू झाला, तरी धरण भरेपर्यंत येथे केवळ आजूबाजूच्या ओढ्यानाल्यांचे पाणी येते. धरण भरत आले, की जलसंपदा खाते त्यातील पाणी सोडू लागते. यालाच विसर्ग म्हणतात. विसर्ग ‘क्यूसेक’ या मापाने सांगतात. एक क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लीटर पाणी. वर्तमानपत्रात ‘एक हजार क्यूसेक विसर्ग’ असे छापून येते, तेव्हा तो आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. दहा हजार लीटरचा पाण्याचा टँकर सर्वांनी पाहिलेला असतो. असे जवळजवळ तीन टँकर प्रत्येक सेकंदाला कड्यावरून ओतावेत, तितके ते पाणी असते. पावसाळ्यात विसर्ग कित्येकदा याच्या अनेक पटींनी वाढतो.

यातली घात करणारी गोष्ट अशी, की धबधब्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी ढगसुद्धा नसेल.

श्रावणातील एखादी दुपार डोळ्यांसमोर आणावी. सरीवर सर येऊन गेलेली आहे, स्वच्छ ऊन पडले आहे आणि शहरातून आलेले चार-पाच तरुण पात्रातल्या एका रुंद खडकावर जाऊन उभे आहेत. वाटेतले पाणी घोट्याएवढे. चपला खडकाच्या कडेला काढून ठेवलेल्या. एक जण मित्रांचे छायाचित्र काढीत आहे. काठावर एक म्हातारी शेगडीवर कणसे भाजीत बसली आहे. जन्म या नदीकाठी गेल्यामुळे तिचे हात कणसांवर असले, तरी कान पाण्याकडे असतात. एकाएकी ती पंखा खाली ठेवते आणि उभी राहते.

“ए पोरांनो, मागं फिरा! लवकर या काठाला!”

“का हो आजी? एवढंसं तर पाणी आहे,” त्यांतला एक जण हसून म्हणतो.

“एवढंसं होतं ते मघाशी. रंग बघ त्याचा! पाला बघ किती चाललाय वाहून! वरनं पाणी सोडलंय बाबांनो, या आधी.”

पोरे पाण्याकडे पाहतात. खरेच, मघाचे निवळ पाणी गढूळ झालेले असते. कड्यावरून पालापाचोळा, काटक्या, फेसाचे मळकट पुंजके येऊ लागलेले असतात. धबधब्याचा आवाजही बदललेला असतो. आतापर्यंत खळखळणारे पाणी आता घुमू लागलेले असते. शहाणी पोरे असतील तर ती एकमेकांचे हात धरून, तिरक्या पावलांनी काठ गाठतात. येताना घोट्याएवढे लागलेले पाणी जाताना गुडघ्याला लागते. काठावर पोहोचून एक जण चपलांसाठी मागे वळतो, तेव्हा म्हातारी त्याचे मनगट धरते. “चपला मिळतील बाजारात,” एवढेच ती बोलते. थोड्याच वेळात तो रुंद खडक दिसेनासा होतो.

असे प्रसंग पावसाळ्यात नदीकाठी पुष्कळदा घडतात आणि सर्वच ठिकाणी हाक मारणारे कोणी असत नाही. म्हणून म्हातारीने जे पाहिले ते प्रत्येकाला पाहता आले पाहिजे. पाणी चढू लागले, की त्याची वर्दी ते स्वतःच देते. आधी रंग पालटतो; मग काठाकाठाने अडकून राहिलेला कचरा सुटून वाहू लागतो; खुणेचा एखादा दगड, जो मघाशी वीतभर वर होता, तो बुडतो; आवाज खोल होतो. यांतील एक जरी खूण दिसली, तरी विचार करीत थांबावयाचे नसते. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी सरकारी खात्याकडून नदीकाठच्या लोकांना इशारा देण्यात येतो. परंतु सहलीला आलेल्या माणसाने तो ऐकलेला असतोच असे नाही. नदीवर जाण्यापूर्वी काठावरच्या दुकानदाराला “आज पाणी सोडलंय का?” असे विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

“मला उत्तम पोहता येते,” असे सांगणाऱ्याला धबधबा विशेष फसवितो. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या खोलीवरून कळत नाही. गुडघाभर वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. शेवाळलेल्या काळ्या खडकावर तर पाय ठरतच नाही. कड्याखालच्या डोहाची गोष्ट आणखी निराळी आहे. दहा मीटर उंचीवरून पडणारे पाणी खाली येईतो ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग घेते. ते डोहाच्या तळाशी जाते आणि वर येऊन पुन्हा धबधब्याच्या पडद्याकडेच वळते. त्या चक्रात सापडलेला माणूसही पुन्हा पुन्हा पडद्याखाली ओढला जातो. शिवाय जे पांढरे, फेसाळ पाणी पाहून उडी घ्यावीशी वाटते, त्यात निम्मी हवाच असू शकते. हवेने हलके झालेले पाणी शरीराला नेहमीसारखे तोलून धरीत नाही. तेथे कितीही हातपाय मारले तरी माणूस वर येत नाही, याचे कारण हे.

मग धबधबा पाहावयाचाच नाही काय? अवश्य पाहावयाचा. आषाढ-श्रावणात काठावरून, कठड्याच्या अलीकडून पाहावा. त्या वेळी तो डोळ्यांनी आणि कानांनी पाहावयाचा असतो, पायांनी नव्हे. आणि ज्याला खडकाचे थर, कपारी आणि पाण्याने घडविलेली नक्षी पाहावयाची असेल, त्याने थंडी सरल्यावर पुन्हा यावे. पहिल्या भेटीत दिसलेल्या गोष्टींचा अर्थ दुसऱ्या भेटीत कळतो. एकाच ठिकाणी दोनदा जाण्याचा कंटाळा करणाऱ्यांना नदी निम्मीच दिसते.

कड्यावरून उतरलेले पाणी तेथे फार वेळ रेंगाळत नाही. सोमेश्वराच्या घाटावरून ते नाशिककडे निघते आणि थोड्या वेळाने पंचवटीजवळ रामकुंडाशी पोहोचते. तेथे नदीच्या पात्रातच एक उंच मारुती उभा आहे. त्याला पुढे आणि मागे अशी दोन मुखे असल्यामुळे लोक त्याला ‘दुतोंड्या मारुती’ म्हणतात. नाशिककरांचे पूर मोजण्याचे ते घरगुती साधन आहे. किती क्यूसेक पाणी आले, हे कोणी विचारीत नाही. मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, हे विचारतात. पाणी छातीला लागले, की काठावरचे दुकानदार आपला माल केव्हाच वर हलवून मोकळे झालेले असतात. १९६९ सालचा महापूर जुन्या लोकांच्या बोलण्यात वारंवार येतो. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात तर मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेले. पावसाळ्यात सायंकाळी पुलावर गर्दी करून मारुतीकडे पाहणाऱ्या लोकांना जे पाणी दिसते, ते काही वेळापूर्वी गंगापूरच्या कड्यावरून पांढरेशुभ्र होऊन खाली आलेले असते. पुलावर कोणी तरी हात लांबवून सांगत असते, “कमरेला लागलं बघा. रात्रीत छातीला लागणार.”